रद्द झालेल्या मोटारीचा अभियंता

गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चालली की एक दिवस गतिरोधकावरून उतरताना पुढच्या चाकाशी खट्ट असा आवाज होतो. गाडीचे नाक एकदा खाली जाऊन थांबण्याऐवजी दोन-तीन वेळा डोलते. ब्रेक लावताच पुढचा भाग पूर्वीपेक्षा अधिक झुकतो, टायरची झीजही ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी दिसू लागते. गॅरेजमधला मेकॅनिक बॉनेटवर भार देऊन हात काढून घेतो, चाकामागे डोकावतो आणि तेलाने ओलसर झालेल्या नळीकडे बोट दाखवून शॉकअप गेल्याचा निर्वाळा देतो. मालकाला वाटते, दोन बोल्ट काढायचे, जुनी नळी उतरवायची, नवी चढवायची आणि निघायचे. मागच्या चाकांच्या बाबतीत ते पुष्कळदा तसेच असते. पुढच्या चाकांच्या बिलात मात्र स्ट्रट, वरचे माउंट, त्यातील बेअरिंग, स्प्रिंग दाबून काढण्याची मजुरी आणि शेवटी व्हील अलाइनमेंट अशी यादी उभी राहते. या यादीचे मूळ अर्ल स्टील मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या कामात आहे. आज मोटारींच्या माहितीपत्रकांत सस्पेन्शनच्या रकान्यात ज्यांचे नाव हमखास छापलेले असते, ते मॅकफर्सन हेच.

मॅकफर्सन यांचा जन्म १८९१ मध्ये शिकागोच्या उत्तरेकडील हायलँड पार्क या गावी झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते डेट्रॉइटला आले आणि चाल्मर्स मोटर कंपनीत रुजू झाले. मोटार ही तोवर श्रीमंतांची हौस राहिलेली नव्हती. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल-टी गाडीने ती शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या अंगणात आणून उभी केली होती. स्वस्त आणि टिकाऊ वाहन कसे घडवायचे, या एकाच प्रश्नाभोवती डेट्रॉइट शहर फिरत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅकफर्सन युरोपात होते आणि तेथे त्यांना विमानांची इंजिने जवळून पाहायला मिळाली. विमानात अनावश्यक वजनाला थारा नसतो. प्रत्येक भागाला आपले तेथे असणे सिद्ध करावे लागते. त्या इंजिनांच्या सुबक रचनेचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

युद्धानंतर १९१९ मध्ये ते लिबर्टी मोटर कार कंपनीत गेले आणि १९२३ मध्ये हपमोबिल गाड्या बनविणाऱ्या हप कंपनीत. चाल्मर्स, लिबर्टी आणि हप या तिन्ही नावांच्या मोटारी आज संग्रहालयातच पाहायला मिळतात. लहान कंपन्यांचा तो अस्तकाळ होता. १९२९ नंतरच्या महामंदीने हपचीही उतरती कळा सुरू झाली. १९३४ मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी शेव्हरोले विभागाचे मुख्य आरेखन अभियंता बनले. शेव्हरोले म्हणजे जनरल मोटर्सचा खपाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आणि किमतीच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त विभाग. तेथे खर्चातील प्रत्येक सेंटचा हिशेब लाखो गाड्यांनी गुणून मांडला जाई.

ते शेव्हरोलेत आले तेव्हा पुढच्या चाकांचा प्रश्न ऐरणीवर होता. तोपर्यंत बहुतेक गाड्यांची पुढची दोन्ही चाके एकाच सलग आसावर बसवलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका दुसऱ्या चाकालाही बसे. १९३४ च्या शेव्हरोले गाड्यांमध्ये यावर उपाय म्हणून फ्रान्सच्या आंद्रे द्युबोने यांच्या पद्धतीचे सस्पेन्शन आले. त्यात स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाने भरलेल्या एकाच बंद डब्यात बसवलेले होते आणि दोन्ही चाके परस्परांपासून मोकळी झाली होती. सुरुवातीला गाडी अतिशय मऊ चाले. पण तेल टिकवणारी सीले झिजली की गळती सुरू होई आणि तेलाबरोबर आरामही जाई. तक्रारी वाढल्या आणि १९३९ मध्ये शेव्हरोलेने ही पद्धत सोडून वर-खाली दोन बाहू असलेली रचना स्वीकारली. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र आणण्यात केवढी सोय आहे आणि त्यात केवढा धोका आहे, हे दोन्ही शेव्हरोलेच्या मुख्य आरेखन अभियंत्याला आपल्याच कंपनीत पाहायला मिळाले.

येथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेमके काय करतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्याचे नाव थोडे फसवे आहे. रस्त्याचा धक्का खरे तर स्प्रिंग झेलते. झेललेली ऊर्जा मात्र ती स्वतःजवळ ठेवत नाही, लगेच परत करते आणि गाडी झुलत राहते. हे झुलणे थांबवणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलातून दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्यातील बारीक झडपांमधून तेलाला वाट काढावी लागते, त्या विरोधात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि नळीवाटे हवेत निघून जाते. सील झिजून तेल गळाले किंवा झडपा सैल झाल्या की स्प्रिंग बेलगाम होते. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. उडी मारलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही आणि वळणही नीट घेता येत नाही. म्हणूनच झिजलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेतील मोटार कंपन्यांना एक जुनी भीती सतावत होती. पहिल्या महायुद्धानंतर काही काळातच मंदी आली होती. आताही तसेच झाले, तर मोठ्या गाड्या घेणार कोण? १९४५ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोलेच्या नावाखाली एक छोटी, हलकी आणि स्वस्त मोटार बनविण्याची योजना जाहीर केली आणि तिच्या अभियांत्रिकीची धुरा मॅकफर्सन यांच्याकडे सोपवली. या गाडीचे नाव कॅडेट. किंमत १००० डॉलरच्या आत, वजन २२०० पौंडांच्या म्हणजे सुमारे १००० किलोच्या आत आणि तरीही चार माणसे ऐसपैस बसतील अशी ती हवी होती. मोठी गाडी सर्व बाजूंनी आखडून लहान करणे मॅकफर्सन यांना मान्य नव्हते. त्यांनी कोऱ्या कागदावरून सुरुवात केली.

वजन आणि किंमत एकाच वेळी कमी करायची, तर भागांची संख्या कमी करावी लागते. भागांची संख्या कमी करायची, तर एका भागाकडून अनेक कामे करून घ्यावी लागतात. विमानांच्या इंजिनांत त्यांनी पाहिलेली शिस्त ती हीच. दोन बाहूंच्या रचनेत वरचा बाहू, खालचा बाहू, मध्ये स्प्रिंग, वेगळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाक वळण्यासाठी वेगळी खीळ असा संसार असे. मॅकफर्सन यांनी वरचा बाहू काढूनच टाकला. त्याच्या जागी त्यांनी उंच, सडपातळ अशी एक उभी नळी घेतली. या नळीच्या पोटात शॉक अ‍ॅब्सॉर्बर होता आणि अंगाभोवती गुंडाळी स्प्रिंग. नळीचे खालचे टोक थेट चाकाच्या आसाशी पक्के जोडलेले होते आणि वरचे टोक गाडीच्या सांगाड्यात, उंचावर, बसवलेले होते. स्टिअरिंग फिरवले की चाकाबरोबर ही अख्खी नळीच आपल्या अक्षाभोवती फिरे. धक्का झेलणे, झुलणे थांबवणे, चाकाला उभे धरून ठेवणे आणि वळताना त्याला आधार देणे ही चारही कामे एकाच जुळणीने आपल्या शिरावर घेतली. मोटार जगतात ती स्ट्रट या नावाने ओळखली जाते.

ही कल्पना सर्वस्वी निराधार आकाशातून पडलेली नव्हती. इटलीतील फियाट कंपनीचे गिदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात याच वळणाच्या एका रचनेचे पेटंट घेतले होते. पण मोठ्या संख्येने, कमी खर्चात आणि रोजच्या वापरातील गाडीत बसेल असे सुटसुटीत रूप तिला मॅकफर्सन यांनी दिले. कॅडेटच्या चारही चाकांना त्यांनी अशाच नळ्या दिल्या. स्वस्त गाडीला चारही चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन ही त्या काळच्या अमेरिकेत अपूर्व गोष्ट होती. ज्याच्या खिशात हजारच डॉलर आहेत त्याच्या नशिबी हाडे खिळखिळी करणारा प्रवास असावा, असे त्यांना वाटत नव्हते, हे त्यांच्या या आराखड्यावरून स्पष्ट होते.

नमुना गाड्या तयार होऊन रस्त्यावर धावू लागल्या. मार्च १९४७ मध्ये या सस्पेन्शनच्या पेटंटसाठी जनरल मोटर्सच्या वतीने अर्जही दाखल झाला. मात्र ज्या मंदीच्या भीतीपोटी कॅडेटचा जन्म झाला होता, ती मंदी आलीच नाही. उलट, युद्धाच्या वर्षांत गाडी न मिळालेले लाखो ग्राहक हातात पैसे घेऊन रांगा लावून उभे होते आणि मिळेल ती गाडी घेत होते. पोलाद व अन्य सामग्रीची टंचाई होती. ती सामग्री अधिक नफा देणाऱ्या मोठ्या गाड्यांत घालावी की नफ्याची खात्री नसलेल्या छोट्या गाडीत, या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाला अवघड गेले नाही. मे १९४७ मध्ये कॅडेट रद्द झाली. जी मोटार सामान्य माणसासाठी इतक्या निगुतीने आखली होती, ती एकाही ग्राहकाच्या हाती पडली नाही.

मॅकफर्सन तेव्हा ५५ वर्षांचे होते. मोठ्या कंपनीत, मोठ्या पदावर, निवृत्तीची वाट पाहत दिवस काढणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते फोर्ड कंपनीत गेले. फोर्डची सूत्रे तेव्हा संस्थापकांचे नातू दुसरे हेन्री फोर्ड यांच्या हाती आली होती आणि खिळखिळी झालेली ही कंपनी सावरण्यासाठी ते जनरल मोटर्समधील अनुभवी माणसे आणत होते.

येथे योगायोगाने त्यांना कॅडेटसारखेच दैव वाट्याला आलेली दुसरी गाडी भेटली. फोर्डनेही युद्धानंतर अमेरिकेसाठी छोट्या गाडीचा आराखडा केला होता आणि तो बाजूला ठेवला होता. तो आराखडा फ्रान्समधील फोर्ड कंपनीकडे गेला आणि तेथून व्हेडेट ही मोटार जन्मली. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. मॅकफर्सन यांच्या स्ट्रटवर धावणारी, प्रत्यक्ष विक्रीस आलेली पहिली मोटार ती हीच मानली जाते. ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या आल्या आणि स्ट्रटचे खरे दिवस सुरू झाले.

फोर्डसाठी मॅकफर्सन यांनी आपल्या रचनेत आणखी काटकसर केली. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी पोलादी कांब असते. तिलाच त्यांनी खालच्या बाहूचा आधार बनवले. म्हणजे पुन्हा एका भागाकडून दोन कामे. या सुधारित रचनेच्या पेटंटचा अर्ज जानेवारी १९४९ मध्ये झाला. पेटंट कार्यालयाचे काम सावकाश चालते. जनरल मोटर्सच्या नावावरील पहिले पेटंट जानेवारी १९५३ मध्ये मंजूर झाले आणि फोर्डचे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. एकाच माणसाच्या एकाच विचाराचे दोन कागद एकाच वर्षी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या तिजोरीत गेले. एकीने तो कागद ठेवून दिला, दुसरीने त्यावरून गाड्या बनवल्या. त्याच जानेवारीत हॉलंडचे मॉरिस गाट्सोनिडेस यांनी झेफर घेऊन मॉन्टे कार्लोची खडतर रॅली जिंकली आणि ही सडपातळ नळी नाजूक नाही, हे युरोपला दिसून आले. त्या वर्षअखेरीपर्यंत अँग्लिया आणि प्रिफेक्ट या फोर्डच्या लहान ब्रिटिश गाड्यांनाही ती मिळाली.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळे होते. १९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डच्या अभियांत्रिकीचे प्रमुख झाले. म्हणजे निर्णय घेण्याची खुर्ची त्यांच्याकडे आली. तरीही त्यांच्या कारकिर्दीत डेट्रॉइटमध्ये बनलेल्या फोर्ड गाड्यांना स्ट्रट लागला नाही. कारण तांत्रिक होते. स्ट्रटचे वरचे टोक उंचावर आणि मजबूत जागी टेकावे लागते. युरोपातील नव्या गाड्यांचा सांगाडा आणि पत्र्याचे शरीर एकजीव, म्हणजे मोनोकॉक असल्याने ती जागा सहज मिळत होती. अमेरिकेतील अजस्र गाड्या जुन्या पद्धतीच्या जाडजूड चासीवर बांधल्या जात आणि पेट्रोल स्वस्त असल्याने वजन कमी करण्याची निकडही कुणाला नव्हती. मॅकफर्सन यांनी आपले नाव पुढे रेटण्यासाठी न शोभणाऱ्या गाडीवर आपला शोध लादला नाही. अमेरिकी गाड्यांसाठी त्यांच्या विभागाने पुढच्या चाकांना जुन्या खिळींऐवजी बॉल जॉइंट देण्याचा मार्ग धरला. १९५२ ची लिंकन आणि नंतर १९५४ ची फोर्ड त्या वाटेने गेल्या. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६० मध्ये, सत्तरी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या स्ट्रटची घोडदौड खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाली. १९६० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या १५०० या गाडीने तो घेतला. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवणाऱ्या लहान गाड्यांचे युग आले तेव्हा त्याचे महत्त्व आणखी वाढले. वरचा बाहू नसल्यामुळे इंजिनाच्या दोन्ही अंगांना जी जागा मोकळी राहत होती, नेमकी तीच या गाड्यांना हवी होती. १९६९ ची फियाट १२८ आणि १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ या त्याच्या ठळक खुणा. १९७० च्या दशकातील तेलसंकटाने अमेरिकेलाही हलक्या गाड्यांकडे वळवले. १९७९ मध्ये शेव्हरोलेने सायटेशन ही मोटार आणली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. ज्या शेव्हरोलेने कॅडेट मोडीत काढली होती, तिच्याच दारात ही नळी ३२ वर्षांनी परत आली. ते पाहायला मॅकफर्सन हयात नव्हते.

भारतात हे नाव सामान्य घरांपर्यंत पोहोचले ते १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर. हलकी, छोटी आणि मध्यमवर्गाला परवडेल अशी ही गाडी कॅडेटमागच्या विचाराच्या किती जवळची होती, हे सांगण्याची गरज नाही. तिच्या पुढच्या चाकांवर मॅकफर्सन स्ट्रटच होते. पुण्यात घडलेली आणि १९९८ मध्ये लोकांसमोर आलेली टाटा इंडिका असो की २०११ मध्ये चाकणहून निघालेली महिंद्राची एक्सयूव्ही ५००, पुढच्या चाकांशी हीच रचना होती. मोनोकॉक बांधणीच्या एसयूव्हींनी ती मोठ्या प्रमाणावर आपलीशी केली आहे. चासीवर बांधलेल्या पिकअप गाड्यांनी मात्र पुढे दोन बाहू आणि मागे कमानपाटे यांचाच आश्रय बहुधा कायम ठेवला आहे, कारण जड बोजा आणि उंच चासी ही स्ट्रटची कर्मभूमी नव्हे. म्हणून पिकअपच्या मागच्या पाट्यांजवळचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे हे वर-खालचे बोल्ट सोडवण्याइतके सोपे असते. तो तेथे एकच काम करतो आणि ते काम संपले की निमूटपणे बाजूला होतो.

स्ट्रटचे तसे नाही. जो भाग अनेक कामे करतो, तो झिजला की अनेक कामे बिघडतात. वळणाचा आडवा भारही त्याच्या दांड्यावर येतो, म्हणून तो दांडा साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरपेक्षा जाड ठेवावा लागतो आणि सील त्या घर्षणाने झिजत जाते. तो उतरवण्यापूर्वी दाबलेल्या स्प्रिंगची ताकद आवळून धरणारे खास साधन लागते. ती स्प्रिंग अचानक सुटली तर माणूस जायबंदी होऊ शकतो, म्हणून घरच्या पान्यांनी हे काम करण्याची हौस टाळलेलीच बरी. वरचे माउंट आणि त्यातले बेअरिंग हाताशी आलेच आहे, तर ते त्याच वेळी तपासून घेणे शहाणपणाचे, नाहीतर नवा स्ट्रट जुन्या बेअरिंगवर कुरकुरत राहतो. एकाच बाजूचा स्ट्रट बदलला तर गाडीचे दोन खांदे दोन वेगळ्या तऱ्हांनी वागू लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलायचे असतात. आणि चाकाला उभे धरणारा भागच हलवलेला असल्याने शेवटी चाकांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात. अलाइनमेंटचे पैसे वाचवणाऱ्याला ते नव्या टायरच्या रूपाने पुढे मोजावे लागतात.

गॅरेजच्या बिलातील ती लांबलचक यादी म्हणजे मॅकफर्सन यांच्या काटकसरीची दुसरी बाजू आहे. गाडी घेताना भाग कमी असल्यामुळे जे पैसे वाचले, त्यांतले थोडे काही वर्षांनी परत द्यावे लागतात, इतकेच. हा सौदा तोट्याचा असता, तर हजार डॉलरच्या गाडीसाठी केलेली ही रचना आजवर टिकली नसती. कॅडेट कुणालाही विकत घेता आली नाही. पण तिच्यासाठी आखलेली ती उभी नळी जगभरच्या साध्यासुध्या कुटुंबांच्या गाड्यांखाली आज रस्त्याचे हिसके सोसते आहे.